काटा, दांडा आणि मधलं सगळं

जुन्या गाडीत बिघाड झाला की बदनाम होतात ते दोघंच: डॅशबोर्डवरचा काटा आणि गिअरचा दांडा. पेट्रोलचा काटा जागचा हलेना की ‘मीटर गेला’, आणि गिअर टाकताना खर्रकन आवाज आला की ‘गिअरबॉक्स गेला’, असा निकाल गॅरेजच्या दारातच लागतो. ड्रायव्हरला दिसतो तो काटा आणि हाताला लागतो तो दांडा, म्हणून हे होतं. प्रत्यक्षात दोन्ही म्हणजे लांबलचक रांगेची शेवटची टोकं. काट्याच्या मागे वायर, जोड, फ्यूज, टाकीतला सेंडर आणि बॉडीचं अर्थिंग असतं. दांड्याच्या मागे बुश, पिना, क्लचचं हायड्रॉलिक, गिअरबॉक्सचं तेल आणि माउंटिंगचं रबर असतं. मीटर काचेमागे बंद असतो, गिअर तेलात बुडालेले असतात. पाणी, धूळ, उष्णता, हादरे आणि आजवरच्या सगळ्या मेस्त्रींचे हात यांचा मार बसतो तो मधल्या भागांवर. म्हणून या प्रकरणाचं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीतला दोष आधी मधे शोधावा आणि टोकं शेवटी उघडावीत. यात पैसे वाचतात हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मीटर किंवा गिअरबॉक्स उघडला की दोष नेमका कसा वागत होता याचा पुरावा पुसला जातो. मग उरतो तो अंदाज.

उदाहरणादाखल एकच गाडी घेऊ: एमजीबी. इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही दोन दारांची स्पोर्ट्‌स कार बनली, पाच लाखांहून अधिक. तिच्या बिघाडांचा जगभर इतका कीस पाडला गेला आहे, की तिच्यावर कुठलाही तर्क घासून पाहता येतो. शिवाय आपल्याकडच्या वाचकाला ती अगदीच परकी नाही. तिचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी सीरिज’ घराण्यातलं, त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसडरने वर्षानुवर्षं वागवलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी मात्र फियाटच्या वंशातली. तिचे पाने वेगळे, पार्ट वेगळे. पण दोष शोधायची रीत तीच.

सुरुवात पेट्रोलच्या काट्यापासून करू, कारण तिथे फसगत सर्वांत जास्त होते. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून एमजीबीमध्ये आणि तिच्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्स कंपनीचे बायमेटल मीटर आले. आत दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. तारेतून करंट गेला की पट्टी तापते, वाकते आणि काटा ढकलते. हा काटा चावी फिरवल्यावर झटकन उडी मारत नाही, सावकाश चढतो. ही त्याची ओळख. आता पट्टी किती तापेल हे व्होल्टेजवर अवलंबून, आणि गाडीचं व्होल्टेज तर इंजिन बंद असताना बारा आणि चालू असताना चौदाच्या घरात. म्हणजे टाकीत पेट्रोल तेवढंच असूनही काटा वरखाली झाला असता. त्यावर उपाय म्हणून डॅशबोर्डमागे एक छोटी डबी बसवली: व्होल्टेज स्टॅबिलायझर. तिच्यातही बायमेटल पट्टीच. ती तापून संपर्क तोडते, निवून पुन्हा जोडते, थेट इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखी, आणि या उघडझापीची सरासरी दहा व्होल्टच्या आसपास ठेवते. मीटर संथ असल्यामुळे त्याला ही उघडझाप जाणवत नाही. डिजिटल मल्टिमीटर लावून तपासणाऱ्याला मात्र आकडे शून्य आणि बारामध्ये नाचताना दिसतात आणि तो चांगली डबी खराब ठरवून मोकळा होतो. इथे जुना काटेवाला व्होल्टमीटर बरा. त्याचा काटा तालात धडधडताना दिसला की डबी जिवंत आहे.

या डबीच्या वागण्यातून एक कसोटी मिळते, आणि तीच पुढे गिअरबॉक्सलाही लागू पडेल. प्रश्न असा विचारायचा: दोष एकट्याचा की सगळ्यांचा? ज्या गाडीत पेट्रोल आणि तापमान असे दोन्ही मीटर या पद्धतीचे आहेत, तिथे डबी दोघांत सामाईक असते. दोन्ही काटे एकदम शून्यावर पडले, तर दोन्ही मीटर एकाच दिवशी जळाले असं मानण्यापेक्षा सामाईक डबीचा संपर्क तुटला असं मानणं शहाणपणाचं. दोन्ही काटे एकदम खऱ्यापेक्षा वर दाखवू लागले, तर बहुतेक डबीचं अर्थिंग गेलेलं असतं. डबीची धातूची खोळ बॉडीला नीट टेकलेली नसेल तर आतलं वेटोळं तापत नाही, संपर्क तुटतच नाही आणि मीटरला पूर्ण व्होल्टेज मिळत राहतं. गाडी रंगवून आली आणि दोन्ही काटे चढे दाखवू लागले, तर त्या स्क्रूखालचा नवा रंग खरवडून पाहावा. उलट एकच काटा चुकत असेल तर डबी निर्दोष. तिच्याकडे वळूनही बघायची गरज नाही. शिवाय लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये या डबीला हिरवी वायर येते, आणि त्याच हिरव्या रंगाच्या वायरींवर वायपर, इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवेही चालतात. काट्यांबरोबर इंडिकेटरही मेले असतील तर शोध फ्यूजपाशी संपला. पाना हातात घ्यायच्या आधी दोन बटणं दाबून एवढं कळतं.

एकटाच पेट्रोलचा काटा रुसला असेल तर टाकीकडे जावं. एमजीबीत तिथे हिरव्यावर काळी रेघ असलेली वायर सेंडरला जोडलेली असते. सेंडर म्हणजे फ्लोटच्या दांडीने कमीजास्त होणारा रेझिस्टन्स: टाकी रिकामी असताना सुमारे अडीचशे ओहम, भरल्यावर वीस-तीस. चावी बंद करून वायर काढावी, तिचं टोक टाकीपासून दूर बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला घट्ट बांधावं आणि मग चावी फिरवावी. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी नको, म्हणून हा क्रम मोडू नये. काटा हळूहळू ‘फुल’कडे चढला तर मीटर, डबी आणि अख्खी वायर ठीक आहे, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. काटा चढू लागला की लगेच चावी बंद करावी, नाहीतर मीटरचं वेटोळं भाजतं. काटा हललाच नाही तर सेंडर सध्या विसरावा आणि वायर धरून पुढे यावं. पाच मिनिटांच्या या प्रयोगात अर्धी गाडी संशयाबाहेर जाते. मात्र हा नियम पाठ करून दुसऱ्या गाडीला लावला तर तोच अंगाशी येईल. १९६५ नंतरच्या बहुतेक जनरल मोटर्सच्या गाड्यांत हिशेब उलटा आहे, रिकाम्या टाकीला शून्य ओहम आणि भरलेल्या टाकीला नव्वद. तिथे वायर पत्र्याला लावली तर काटा ‘एम्प्टी’वर जातो, नुसती काढून ठेवली तर ‘फुल’पलीकडे. शेवरोलेचा मालक एमजीबीची कृती वाचून मीटर बदलत बसला तर दोष कृतीचा नाही. रचना न समजता ती उचलल्याचा आहे.

आता अर्थिंगचा मुद्दा. काट्याचा आणि गिअरबॉक्सचा संबंध इथेच जुळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर बसलेले असतात, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवला की ही पट्टी सुटते आणि परत बसवताना विसरली जाण्याची शक्यता दांडगी असते. ती राहिली तरी गाडी सुरू होऊ शकते, कारण स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो: चोकची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, कधी स्पीडोमीटरची केबल. स्टार्टर आळसल्यासारखा फिरतो, केबल गरम लागते, आणि विजेवर चालणारा तापमानाचा मीटर हेडलाइट लावल्यावर वेगळं आणि विझवल्यावर वेगळं दाखवतो, कारण त्याचा सेंडर इंजिनाच्या अंगातूनच अर्थ घेत असतो. क्लचचं काम होऊन आलेल्या गाडीचे काटे वेडे झाले तर कारण डॅशबोर्डमध्ये शोधणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. तपासायचं असेल तर व्होल्टमीटरचं एक टोक इंजिनच्या धातूला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टर्मिनलला लावून कुणालातरी स्टार्टर मारायला सांगावं. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

विजेशिवाय चालणारे मीटर या बाबतीत सरळ असतात. ऑइल प्रेशरचा मीटर बऱ्याच एमजीबींत थेट पाइपने इंजिनला जोडलेला आहे. गरम इंजिन धावत असताना ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला १० ते २५ पौंड हे या इंजिनचं ठरलेलं प्रेशर. आयडलिंगला काटा पंधरावर आलेला पाहून बेअरिंग बदलायला निघालेल्या मालकाने हे आकडे आधी वाचावेत, आणि तरीही शंका उरली तर दुसरा चांगला गेज लावून खात्री करावी. गेज उसना मिळतो, इंजिन नाही.

स्पीडोमीटरवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण तो डॅशबोर्डवर राहून गिअरबॉक्सची खबर देतो. फिरणारा चुंबक, त्याला न टेकता त्याच्याभोवती बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची वाटी आणि वाटीला मागे ओढणारी बारीक स्प्रिंग, अशी ही रचना. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं आणि यांत्रिक स्पीडोमीटर संपेपर्यंत ती टिकली. चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवतच नाहीत, त्यामुळे झिजण्यासारखं आत फार थोडं. म्हणून काटा थरथरू लागला, हळू वेगात उड्या मारू लागला, तर बोट आधी केबलकडे वळवावं. ती कुठेतरी कडक वळणात बसवलेली असते, कोरडी पडलेली असते किंवा तिच्या खोळीला चिमटा बसलेला असतो. ग्रीस लावायचं तर खालच्या भागाला लावावं, वरचा काही इंचांचा भाग कोरडाच ठेवावा. नाहीतर फिरणारी तार ग्रीस वर चढवते आणि ते मीटरच्या पोटात जातं. मीटरच्या काचेवर आतून तेलाचा ओघळ दिसला तर तो बहुतेक गिअरबॉक्सचाच; केबलच्या खालच्या टोकाचं सील गेलेलं असतं आणि तेल केबलमधून वर आलेलं असतं.

काटा स्थिर आहे पण कायम ठरावीक टक्क्यांनी चुकतो, हा प्रकार निराळा. थरथर केबलची, ठाम चूक हिशेबाची. स्मिथ्सच्या डायलवर खाली बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. मैलाच्या मीटरवर तो दर मैलाला केबलने किती फेरे घ्यावेत ते सांगतो. मैल ५,२८० फुटांचा. मीटरकडची केबल सोडून, आतल्या तारेला कागदाचा छोटा झेंडा चिकटवून गाडी ५२ फूट साडेनऊ इंच ढकलावी आणि झेंड्याचे फेरे मोजावेत. ते शंभरने गुणले की झाला मैलाचा हिशेब. किलोमीटरच्या डायलला दहा मीटर ढकलणं पुरतं. आकडे जुळले तर चूक मीटरची. नाही जुळले तर कुणीतरी टायरची मापं बदलली आहेत, मागच्या एक्सलची गरारी बदलली आहे किंवा दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स बसवला आहे. जुन्या गाडीच्या पूर्वायुष्याबद्दल विकणारा जे सांगत नाही, ते कधी कधी हा कागदी झेंडा सांगतो.

इथून गिअरबॉक्सकडे वळू, तोच प्रश्न हातात घेऊन: एकटा की सगळे? दुसरा गिअर एकटाच खरखरतो, तेही खाली आणताना, आणि बाकीचे लोण्यासारखे पडतात, तर दुसऱ्याची सिंक्रोची रिंग झिजली असा तर्क रास्त आहे. सगळेच गिअर कुरकुरतात, रिव्हर्स तर दात खातच पडतो, पण इंजिन बंद असताना तेच गिअर बिनआवाज पडतात, तर गिअरबॉक्सचा यात काही संबंध नाही. क्लच पूर्ण सुटत नाही एवढाच अर्थ. एमजीबीचा क्लच हायड्रॉलिक आहे. पेडलला मास्टर सिलिंडरशी जोडणारी पिन झिजून तिचं गोल भोक लंबगोल होतं, आणि पेडलचा बराचसा प्रवास त्या भोकातच खर्च होतो. स्लेव्ह सिलिंडरची दांडी पेडल दाबल्यावर साधारण अर्धा इंच सरकली पाहिजे. पट्टी लावून मोजता येणारी ही गोष्ट. ती कमी भरली तर पिन, हवा किंवा फुगलेला रबरी पाइप यांतलं काहीतरी सापडेल, आणि यातलं सगळं मिळून गिअरबॉक्स उतरवण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडेल. एक अपवाद सांगितला पाहिजे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत, तसंच जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनीतही पहिल्या गिअरला सिंक्रो नव्हताच. चालत्या गाडीत पहिला टाकताना तो ओरडणारच. हा बिघाड म्हणून दाखवायला आणलेल्या गाडीत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. ड्रायव्हरने थांबून गिअर टाकायचा.

आवाजाचंही असंच. चार स्पीडच्या या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर म्हणजे इंजिनकडचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट यांची सरळ गाठ. खालचा ले शाफ्ट त्यावेळी फिरतो, पण भार वाहत नाही. त्यामुळे पहिल्या तीन गिअरांत घरघर आणि चौथ्यात शांतता असेल तर बोट ले शाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगांकडे जातं. आवाज चौथ्यातही तसाच असेल, आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात न्यूट्रल केल्यावर इंजिन आयडलिंगला असूनही गाडीच्या वेगाबरोबर कमीजास्त होत राहील, तर गिअरबॉक्स सोडून मागे जावं: प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, डिफरन्शियल, चाकांचे बेअरिंग. उभ्या गाडीत न्यूट्रलला येणारा आवाज क्लच दाबल्यावर थांबला तर तो इनपुट शाफ्टचा. क्लच दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंगचा. यासाठी लागतो तो कान आणि रिकामा रस्ता. आणि एमजीबीच्या मालकाला तर हा विचार करणं भागच आहे, कारण तिचा गिअरबॉक्स एकटा उतरत नाही. तो इंजिनसकट बाहेर काढावा लागतो. चुकलेल्या निदानाची किंमत इथे दोन-तीन दिवसांची मजुरी आणि क्रेन.

तेलाबद्दल गॅरेजांत एक समज घट्ट बसलेला आहे: गिअरबॉक्स म्हटला की नव्वद नंबरचं ऑइल. मागच्या एक्सलला ते बरोबर आहे. पण एमजीबीच्या गिअरबॉक्सला कंपनीने इंजिनचंच, २०-५० ग्रेडचं, तेल सांगितलं होतं. सिंक्रोची पितळी रिंग घर्षणावर काम करते. तिला तेलाचा थर क्षणात बाजूला सारून समोरच्या कोनाला पकडायचं असतं. जाड तेलात थंडीच्या सकाळी गिअर जड पडतात. त्यातही ‘जीएल-५’ प्रतीचं, हायपॉइड गिअरांसाठी बनवलेलं तेल टाकलं तर त्यातल्या गंधकयुक्त रसायनांचा पितळेला त्रास होण्याचा धोका असतो. म्हणून गिअरची तक्रार आली की आधी तेलाची पातळी, मग तेलाची जात. ड्रेन प्लगमधून आलेलं तेल पांढऱ्या कपड्यावर घेऊन पाहावं. राखाडी चिखल असेल तर ती रोजची झीज. नखाला टोचणारे कण असतील तर आत काहीतरी तुटलं आहे आणि पुढचं सगळं तर्कशास्त्र बाजूला ठेवून इंजिन काढायची तयारी करावी.

तारा आणि तेल दोन्ही एकाच जागी भेटतात ते ओव्हरड्राइव्हमध्ये. शेफील्डच्या लेकॉक कंपनीने एडगर द नॉर्मनव्हिल यांच्या रचनेवर बनवलेलं हे यंत्र गिअरबॉक्सच्या मागे बसतं, आणि एमजीबीत ते गिअरबॉक्सचंच तेल वापरतं. बटण दाबलं की विजेचा सोलेनॉइड झडप उघडतो, पंपाने दाबलेलं तेल कोन क्लच सरकवतं आणि चाकांचा वेग तोच राहून इंजिनचे फेरे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतात. हे लागेनासं झालं की ‘ओव्हरड्राइव्ह गेला’ म्हणून अख्खा युनिट उतरवतात. त्याआधी इंजिन बंद, चावी चालू, दांडा चौथ्यात, आणि बटण दाबून खाली कान लावावा. सोलेनॉइडचा ‘टक्’ ऐकू आला तर वीज पोचली आहे. तेलाची पातळी आणि गाळणी बघावी. ‘टक्’ नाही आला तर पिवळी वायर धरून मागे जावं. गिअरबॉक्सवर एक छोटा स्विच असतो, तो फक्त वरच्या गिअरांतच वीज पुढे जाऊ देतो. त्याचं बटण किंचित कमी दाबलं जात असेल तर बाकी सगळं ठणठणीत असूनही ओव्हरड्राइव्ह मुका राहतो. उलटा दोष मात्र खरा घातक आहे. ओव्हरड्राइव्ह लागलेलाच राहिला आणि सुटेना, तर गाडी रिव्हर्समध्ये एक फूटही नेऊ नये. आतला एकाच दिशेने फिरणारा क्लच त्याने फुटतो.

हे सगळं फक्त एमजीबीपुरतं आहे का? स्टिअरिंगवर गिअर असलेल्या जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि पद्मिनी बघा. तिथे दांडा आणि गिअरबॉक्स यांच्यात सळ्यांची आणि सांध्यांची लांब वाट आहे. बुश झिजले की दोन गिअरांच्या मधे काहीतरी अडकतं आणि दांडा लोंबकळतो. बॉनेट उघडून खालचे आर्म हाताने सरळ केले की गाडी पुन्हा चालू लागते. गिअरबॉक्सच्या आत दोष असता तर बाहेरून हात लावून तो सुटला नसता. अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांतही तेच. टर्बो हायड्रामॅटिक गिअरबॉक्सला इंजिनवरचा भार कळतो तो एका बारीक रबरी नळीतल्या व्हॅक्यूममुळे. ती नळी निघाली की गिअर उशिरा आणि धक्का देऊन बदलतात. व्हॅक्यूम डबीतला पडदा फाटला तर इंजिन गिअरचं तेल ओढून घेतं आणि पांढरा धूर सोडतं. पडद्याच्या या दोषापायी पिस्टन रिंगा बदलून घेणारे मालकही असतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मेस्त्रींचा असेल: आमचा कान एका फेरीत सांगतो, ही पट्टी आणि झेंडे कशाला? कानावर शंका नाही. पण तो ज्या गाड्यांवर तयार झाला त्या रोज येत होत्या. कुठल्या गाडीला कुठल्या वर्षी कुठला दोष, हे हजार वेळा पाहिल्यावर निदान पाठ होतं. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात निघून गेली. आज तिच्यावर हात बसलेला माणूस शोधावा लागतो, आणि एमजीबी तर बहुतेक गॅरेजांत वर्षाकाठी एकही येत नाही. कान तयार व्हायला गाड्याच उरल्या नाहीत, तिथे मोजून बघणं हाच आधार. दुसरा आक्षेप वेळेचा: तासभर तपासण्यापेक्षा नवा पार्ट टाकला तर स्वस्त पडतो. आधुनिक गाडीत हे अनेकदा पटण्यासारखं आहे. जुन्या गाडीत नवा पार्ट म्हणजे आज कुणीतरी बनवलेली नक्कल, आणि तीही निर्दोष असेलच असं नाही. स्टॅबिलायझरचंच घ्या. जुन्या बायमेटल डबीला धन-ऋणाशी देणंघेणं नव्हतं. तिच्या जागी मिळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला आहे. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे. हे न पाहता ऋण-अर्थची डबी बसवली की ती बसवल्याबरोबर जळते, आणि मूळ दोष, तो गंजलेला स्क्रू, तसाच राहतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कधी कधी दोष खरोखर आतच असतो, आणि बाहेरून तपासत बसण्याने तो वाढतो. मान्य. ले शाफ्टचं बेअरिंग आवाज करत असताना महिनाभर गाडी दामटली तर बेअरिंगच्या किमतीत भागणारं काम अख्ख्या गिअरसेटवर जातं. म्हणून वर सांगितलेल्या कसोट्या महिन्याच्या नाहीत, एका सकाळच्या आहेत. त्या आतल्या दोषाला नाकारत नाहीत. बाहेरचे सगळे सुटले की आत कुठे जायचं तेही सांगतात. तीन गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता हे कळल्यावर गिअरबॉक्स उघडणारा माणूस काय बदलायचं ते ठरवूनच इंजिन उचलतो, आणि ते बाहेर असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सीलही पाहून घेतो. भारतात पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ पासून ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली आहे. या गाड्या आता जपल्या जाणार, आणि त्यांचे मूळ मीटर, मूळ गिअरबॉक्स दर वर्षी दुर्मीळ होत जाणार. ते उघडण्याचा निर्णय पाना हातात घेतल्यावर नव्हे, तपासून झाल्यावर घ्या. आणि गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर परत बसवल्यावर चावी फिरवण्याआधी गाडीखाली वाकून ती तांब्याची पट्टी जागेवर लागली आहे का, एवढं बघा.